जुनं फ्लाइट जॅकेट: घ्यावं का, आणि घेतलं तर पैसे कशावर घालावेत?

या वेळी जुन्या वैमानिकी जॅकेटांबद्दलची बरीच पत्रं एकदम आली, म्हणून सगळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. खरा निर्णय तिथेच होतो, आणि बाकीच्या वाचकांनीही ते आधी वाचावं.

न्यू जर्सीतल्या जुन्या बाजारात अमेरिकन हवाई दलाचं चामडी ए-२ जॅकेट पाहिलं. लेबल शाबूत आहे. दोन्ही मनगटांच्या विणीच्या पट्ट्या कसरीने खाल्ल्या आहेत, कमरेची पट्टी सैल पडली आहे, मूळ चेन काढून नायलॉनची लावली आहे, अस्तर काखेत फाटलंय आणि उजव्या खिशाजवळ दोन इंचांची चीर आहे. विक्रेता ६५० डॉलर मागतो. घ्यावं का? — एक वाचक, एडिसन

तुम्ही पाच दोष लिहिलेत. त्यातले चार मोजण्याजोगे नाहीत. मनगटाच्या पट्ट्या, कमरेची पट्टी, चेन आणि अस्तर हे या जॅकेटाचे झिजणारे भाग. दुसऱ्या महायुद्धातसुद्धा डेपोत ते बदलले जात. आजही लोकरी पट्ट्या आणि त्या घडणीच्या धातूच्या चेन नव्याने बनवून मिळतात. बदलता येत नाही ते फक्त चामडं. तुमच्या पत्रात नेमकं त्याबद्दल काही नाही, म्हणून पैसे देण्याआधी पुन्हा एकदा जाऊन पुढच्या गोष्टी पाहा.

बरोबर एक कोरडं, पांढरं सुती फडकं न्या. खांद्याच्या माथ्यावर, कॉलरच्या मागे आणि बाहीच्या कोपरावर ते हलक्या हाताने घासा. फडक्यावर थोडी काळपट धूळ आली तर चिंता नाही. विटेच्या चुऱ्यासारखी तांबूस भुकटी आली तर जॅकेट तिथेच ठेवून निघा. याला रेड रॉट म्हणतात. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं कोळशाच्या आणि गाड्यांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड शोषतं, त्याचं आत आम्ल होतं आणि ते चामड्याचे तंतूच तोडतं. हे परत फिरत नाही. हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज अल्कोहोलमध्ये विरघळवून लावलं तर भुकटी बांधली जाते, जॅकेट काचेच्या कपाटात ठेवता येतं, पण अंगात घालता येत नाही. ही तपासणी ओल्या फडक्याने कधीच करू नका. रेड रॉट झालेल्या चामड्यावर पाणी पडलं की तिथे काळा डाग पडतो आणि तो भाग कडक होतो. न घेतलेल्या वस्तूचं नुकसान तुमच्या हातून होईल.

भुकटी आली नाही तर पुढे चला. बाहीच्या मागच्या बाजूला दोन बोटांत चामड्याची चिमट घ्या, घडी सावकाश उलगडा आणि घडीच्या तळाशी नीट पाहा. केसासारख्या बारीक फिकट रेषा फक्त रंगाच्या थरात असतील तर ते वयाचं लक्षण, ठीक आहे. रेषेच्या आत करड्या रंगाचे तंतू उघडे दिसले, किंवा वाळलेलं पान चुरगळल्यासारखा आवाज आला, तर ते चामडं हात वर करण्याचा ताणसुद्धा सोसणार नाही. मग बाही जिथे खांद्याला जोडली आहे ती शिवण दोन्ही बाजूंनी अलगद ताणा. सुईची छिद्रं गोल राहिली पाहिजेत. ती लांबट झाली की समजायचं, टाके चामडं कापत चाललेत. शेवटी कॉलरखाली जॅकेट अडकवायचं चामडी आकडं पाहा. साधारण दीड किलोचं ओझं वर्षानुवर्षं त्या एका बोटभर पट्टीवर लटकलेलं असतं, आणि तिथून सुरू झालेली चीर पाठीत उतरते. ए-२ची पाठ एकाच तुकड्याची असते, त्यामुळे तिथली चीर शिवणीत लपवता येत नाही.

आता खरेपणाचं. ए-२ हा प्रकार १९३१ मध्ये मंजूर झाला आणि सरकारी खरेदी १९४३ मध्ये थांबली. अमेरिकन हवाई दलाने तो १९८८ मध्ये पुन्हा आणला, म्हणून 'सरकारी ए-२' एवढ्यावर ते युद्धातलं ठरत नाही. नावाच्या पट्टीखाली वेल्क्रो असेल, किंवा खिशांना बाजूने हात घालायची फट असेल तर ते नव्या काळातलं. जुन्यात वरून झडप आणि टिचबटण असलेले दोनच खिसे असतात, हात उबवायची सोय नसते. लेबल विणलेलं असतं. त्यावर 'ड्रॉइंग क्रमांक ३०-१४१५', ऑर्डरचा क्रमांक आणि कारखान्याचं नाव असतं. एअरो लेदर, रफ वेअर, पेरी, डुबो, ब्राँको, स्टार ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. खिशात मावणारा अल्ट्राव्हायोलेट दिवा असेल तर अंधारात लेबलावर आणि टाक्यांवर मारा. कापडाला निळसर-पांढरी चमक देणारी रसायनं युद्धानंतर सर्रास वापरात आली, त्यामुळे लखलखणारा दोरा बहुधा नंतरचा. मात्र साबणाने धुतलेलं अस्तरही चमकतं, म्हणून एवढ्याच पुराव्यावर निकाल देऊ नका.

खिशाची झडप उचलून खालचा रंग पाहायला विसरू नका. मुळात तांबूस असलेली बरीच जॅकेटं नंतर गडद तपकिरी रंगवली गेली. झडपेखाली तांबूस आणि बाहेर गडद दिसलं तर घाबरू नका. पण रंगाचा जाड, चिकट थर खरवडल्यासारखा दिसला तर कुणीतरी अलीकडेच भेगा बुजवल्या आहेत, आणि वर सांगितलेली चिमटीची परीक्षा अशा रंगामुळेच चुकते. मग ती कॉलरच्या आतल्या बाजूला घ्या.

पाचवा दोष, खिशाजवळची चीर, खिशाच्या शिवणीपासून किती दूर आहे ते मोजा. अर्धा इंच किंवा जास्त असेल तर आतून ठिगळ लावून ती टिकते. शिवणीतूनच निघाली असेल तर खिसा उसवावा लागेल, आणि त्या कामाला कारागीर जपून भाव सांगतो.

चामडं या सगळ्यातून पार पडलं तर आम्ही म्हणू घ्या. हिशेब असा करा: मागितलेली किंमत, अधिक कारागिराकडून बाबवार लिहून घेतलेला अंदाज, अधिक त्या अंदाजाचा एक चतुर्थांश, कारण अस्तर उघडल्यावर आणखी काही निघतंच. ही बेरीज ईस्टमन, बझ रिक्सन किंवा आजच्या एअरो लेदर यांच्या नव्या प्रतिकृतीच्या किमतीपेक्षा कमी असेल तर प्रश्न नाही. जास्त असेल तर स्वतःला एकच विचारा: मला रोज घालायला हवंय की जपायला? रोज घालायचं असेल तर प्रतिकृती घ्या. ऐंशी वर्षांच्या चामड्याला दर शनिवारी मोटारसायकलवर न्यायचं हा त्याच्यावर अन्याय आहे.

विक्रेता म्हणतो, या ए-२वर 'सीबीआय'चा चामडी बिल्ला आहे, तो भारतातच बनला होता, म्हणून किंमत दुप्पट. हे खरं असू शकतं का? — एक वाचक, पुणे

असू शकतं. चीन-ब्रह्मदेश-भारत (चायना-बर्मा-इंडिया, म्हणून सीबीआय) या युद्धआघाडीवर अमेरिकन विमानं आसामातल्या चाबुआ, दिंजान अशा तळांवरून हिमालय ओलांडून चीनला माल नेत. ढालीच्या आकाराचा, खाली लाल-पांढरे पट्टे आणि वर निळ्यावर चिनी सूर्य व भारताचा तारा असा तो बिल्ला. भारतातल्या कारागिरांनी चामड्याचे रंगीत तुकडे जोडून आणि जरीच्या कलाबतूने असे बिल्ले खरोखर केले.

पण बिल्ला खरा असणं वेगळं आणि तो याच जॅकेटावर असणं वेगळं. भिंग घेऊन बिल्ल्याची कड किंचित उचला. खालचं चामडं आजूबाजूपेक्षा गडद आणि ताजं दिसलं पाहिजे, कारण त्यावर उजेड पडलेला नसतो. सुईच्या छिद्रांची कड पाहा. जुन्या छिद्राच्या कडा आजूबाजूच्या रंगाइतक्याच काळवंडलेल्या असतात. कालपरवा पाडलेल्या छिद्रात आतलं फिकट चामडं दिसतं. बिल्ल्याभोवती दुसऱ्याच आकाराच्या जुन्या छिद्रांची ओळ दिसली तर तिथे आधी काही वेगळं होतं. आणि पाठीवर रंगवलेलं चित्र असेल तर त्यावर तेल, मेण, पाणी काही म्हणजे काही लावायचं नाही. मऊ ब्रशने धूळ झाडा, बस.

माझे काका म्हणतात, कोरडं पडलेलं चामडं खोबरेल तेलात मुरवून ठेव, आठवड्यात लोण्यासारखं होईल. इंटरनेटवर नीट्सफूट तेल सुचवतात. कुठलं वापरू? — एक वाचक, सांगली

मुरवायचं कुठलंच नाही. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि हिवाळ्यात सुरकुत्यांत पांढरी खर दिसू लागते. जवसाचं तेल तर हवेत सुकून कडक थर होतं, रंगात ते त्यासाठीच घालतात. नीट्सफूट म्हणजे गुरांच्या नळ्यांमधून काढलेलं तेल. घोड्याच्या जीनासाठी ते चालतं, कारण जीन जाड असतं आणि सतत वापरात असतं. ए-२चं चामडं मिलिमीटरभर जाडीचं. तिथे जादा तेल आरपार जाऊन सुती टाक्यांत आणि अस्तरात शिरतं, धूळ धरतं, दोरा कुजवतं. तेलाने चामडं मऊ वाटतं हे खरं. पण तुटलेले तंतू तेलाने सांधत नाहीत, उलट ते एकमेकांवरून सहज घसरतात, आणि कमकुवत शिवण अशा वेळीच सुटते.

चामडं लवचिक असेल तर आधी फक्त सफाई करा. मऊ ब्रश, मग नळीच्या तोंडाला जाळी बांधून कमी ओढीचा व्हॅक्यूम. एवढ्यानेच जॅकेट पुष्कळदा बदलून जातं. त्यानंतरही अंगात घालायचंच असेल आणि पोत कोरडा लागत असेल, तर मेण-पेट्रोलियम जेलीच्या आधाराचं, आम्ल नसलेलं चामड्याचं मलम घ्या. कॉलरच्या आत नाण्याएवढ्या जागी लावून २४ तास थांबा. रंग फडक्यावर उतरला नाही आणि डाग पडला नाही तर पुढे जा. संपूर्ण जॅकेटाला दोन चहाचे चमचे पुरतात. फडक्याला लावायचं, जॅकेटावर थेट नाही. एक दिवस ठेवा, कोरड्या फडक्याने पुसा, आणि पुढचं वर्षभर डबी उघडू नका.

आणि उष्णता नको. चामडं ओलं असताना एका ठराविक तापमानाला एकदम आकसतं. वनस्पतीने कमावलेलं नवं चामडं ७५-८० अंशांपर्यंत टिकतं, पण जुनं, झिजलेलं त्याच्या कितीतरी आधी गोळा होतं. हेअर ड्रायर, इस्त्री, गाडीच्या मागच्या काचेखालचं ऊन, सगळं यात आलं. ड्रायक्लीनिंगलाही देऊ नका, त्यातली द्रावणं उरलंसुरलं तेल काढून घेतात.

मनगटाच्या आणि कमरेच्या पट्ट्या घरी बदलता येतील का? शिलाई मशीन चांगलं चालवता येतं. — एक वाचक, नाशिक

येतील, पण मशीन चालवण्यापेक्षा उसवणं जास्त जमलं पाहिजे. एक नियम धरून काम करा: चामड्यात एकही नवं छिद्र पाडायचं नाही. मूळ शिवणीत इंचाला साधारण आठ ते दहा टाके असतात. त्यांच्या मध्ये तुम्ही आणखी तेवढेच पाडलेत की टपाल तिकिटाच्या कडेसारखी ओळ तयार होते, आणि जॅकेट त्याच ओळीवर फाटतं.

आधी मनगट आणि कंबर दोन्हीचे फोटो काढा. कमरेची पाठीतली मध्यरेषा दोऱ्याने खुणा करून ठेवा. चामड्यावर खडू किंवा पेन नको. कंबरेला अस्तर खालून सोडवा. टाके बाहेरून ब्लेडने कापू नका. आतून, पट्टीच्या बाजूने, एकाआड एक टाका तोडून दोरा ओढून घ्या. जुनी पट्टी कितीही खाल्लेली असली तरी फेकू नका. नवीची लांबी तिच्यावरून ठरते, मात्र ती सैल झालेल्या जागी नाही, शिवणीजवळ मोजायची. जुनीवरून काहीच कळत नसेल तर कमरेची पट्टी चामड्याच्या घेरापेक्षा साधारण पाचव्या भागाने आखूड धरा. जास्त आखूड केली तर खालची कड फुगते आणि तिथे चामड्याला कायमची घडी पडते. नवी पट्टी लोकरीचीच घ्या. ॲक्रिलिकची काही महिन्यांत ताण सोडते.

चामड्याचे आणि पट्टीचे आठ-आठ समान भाग करून खुणेला खूण जुळवा आणि कागदाच्या चिमट्यांनी धरा. टाचणी लावली की नवं छिद्र पडलंच. सुई १६ किंवा १८ नंबरची; चामडं कापणारी त्रिकोणी टोकाची नको, कारण छिद्रं आधीच आहेत, तुम्हाला ती फक्त शोधायची आहेत. सुती किंवा सुती आवरणाचा दोरा. निव्वळ नायलॉन चामड्यापेक्षा चिवट असतो. ताण आला की दोरा तुटण्याऐवजी चामडं तुटतं. पायाने मशीन पळवू नका. चाक हाताने फिरवत सुई एकेका जुन्या छिद्रात उतरवा. कंबरेला एक संध्याकाळ जाईल, आणि ती जाऊ द्यावी. जिथे छिद्रं लांबट झाली आहेत तिथे आतून बोटभर रुंदीची पातळ चामड्याची पट्टी आधी चिकटवून घ्या.

चीर सांधायची असेल तर याच वेळी, अस्तर उघडं असताना. बकऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या चामड्याचं ठिगळ, चिरेच्या सगळ्या बाजूंनी एक सेंटिमीटर जास्त. रापीने ठिगळाच्या कडा तासून कागदासारख्या करा, नाहीतर बाहेरून ठिगळाची चौकट उठून दिसते. रबराचं सोल्युशन दोन्हीकडे पातळ लावा, हाताला चिकटायचं थांबेपर्यंत, म्हणजे साधारण दहा मिनिटं, सुकू द्या, चिरेच्या दोन कडा बोटांनी एकमेकींना टेकवा आणि दाबा. रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली ठेवा. चिरेवरून टाके घालू नका. झटपट चिकटणारा सुपर ग्लू तर अजिबात नको. तो काचेसारखा कडक होतो आणि त्याच्या कडेला नवी चीर जाते.

चेनबद्दल एवढंच: धातूची जुनी चेन अडते म्हणून बदलू नका. दातांवर मेणबत्ती घासा. घसरती, म्हणजे चेनचा सरकणारा भाग, मागे दात उघडे सोडत असेल तर ती पसरली आहे. बारीक पकडीने दोन्ही बाजूंनी केसभर दाबा, चालवून पाहा, लागलं तर पुन्हा केसभर. एकदम दाबली तर ती तुटते, आणि मग खरोखरच बदलावी लागते.

चोरबाजारातून अमेरिकन नौदलाचं जी-१ घेतलं. गेल्या पावसाळ्यात त्यावर पांढरी बुरशी आली, केसाळ कॉलरचे केस झडतायत. — एक वाचक, दादर

कॉलरपासून सुरुवात करा, ती कसर असेल तर घरातल्या लोकरीकडे पसरेल. जॅकेट दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घाला, हवा दाबून काढा, तोंड बांधा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका. दव पिशवीवर जमलं पाहिजे, चामड्यावर नाही. डांबराच्या गोळ्यांनी हे होत नाही, आणि तो वास चामड्यातून वर्षानुवर्षं जात नाही.

फ्रीझरने बुरशी मरत नाही, फक्त थांबते. ती घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने वरून खाली झाडा. दोन दिवस सावलीत वारा लागू द्या. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापूस जेमतेम ओलसर करून आधी आतल्या कोपऱ्यात तपासा. रंग उतरत नसेल तरच पुढे पुसा. व्हिनेगर आम्ल आहे, ते नको. जी-१चं चामडं बहुधा बकऱ्याचं, दाणेदार आणि चिवट, घोड्याच्या चामड्यापेक्षा असा त्रास जास्त सोसतं. काखेतली हवेची भोकं आणि पाठीतल्या चुण्यांची घडी उघडून बघा, बुरशी तिथे लपते. कुबट वास अस्तरात असतो: झाकणाच्या खोक्यात उघड्या वाटीत ॲक्टिव्हेटेड चारकोल ठेवून दोन आठवडे बंद करा.

मुंबईत पावसाळ्यात हवेतला ओलावा सहज ८० टक्क्यांवर जातो. बुरशीला ६५-७० पुरतो. म्हणून दोनशे-तीनशे रुपयांचा ओलावामापक कपाटात ठेवा आणि काटा ५०-५५च्या आसपास राहील इतकी सिलिका जेल घाला. ती रंग बदलली की तव्यावर कोरडी करून पुन्हा वापरता येते. प्लॅस्टिकचं कव्हर नको, जुनी सुती चादर घ्या. हँगर रुंद खांद्याचा, वर कापूस आणि मलमल गुंडाळून. भिंतीला टेकलेलं कपाट असेल तर चार बोटं पुढे ओढा.

लंडनमध्ये रॉयल एअर फोर्सचं मेंढीच्या कातड्याचं अर्विन जॅकेट मिळतंय. लहान-लहान तुकडे जोडलेले आहेत, म्हणजे नकली का? पाठीत चिरा आहेत, दुरुस्त होईल? — एक वाचक, स्लाव

तुकडे हा दोष नाही. पॅराशूट बनवणाऱ्या लेस्ली अर्विनच्या कारखान्यातली सुरुवातीची जॅकेटं मोठ्या तुकड्यांची होती. युद्धात कातडी कमी पडू लागली तसे तुकडे वाढले. चिरांचं मात्र उत्तर वाईट आहे. यात लोकर आत आणि कातड्याची मांसाकडची बाजू बाहेर असते, तीही लेप देऊन रंगवलेली. एकदा ती फुटू लागली की चिकटवलेल्या ठिगळाच्या कडेने पुढची चीर जाते, कारण आजूबाजूचं कातडंही तितकंच थकलेलं असतं. पाठीत चिरा असतील तर भिंतीवर टांगण्याच्या किमतीतच घ्या.

माझी छाती ४० इंच. जुन्या ए-२चं कुठलं माप घ्यावं? — एक वाचक, ठाणे

लेबलवरचा आकडा सोडून द्या. जॅकेट चेन लावून सपाट ठेवायला सांगा आणि काखेच्या शिवणीपासून काखेच्या शिवणीपर्यंत मोजून घ्या. तुमच्यासाठी ते २२ इंच हवं, म्हणजे अंगावर चार इंच मोकळीक. आत स्वेटर घालणार असाल तर आणखी अर्धा इंच. त्यानंतर खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंतचं माप विचारा आणि तुमच्या नीट बसणाऱ्या एखाद्या शर्टाशी ताडून पाहा. छातीला थोडं घट्ट झालं तर चेन उघडी ठेवता येते, खांद्याला घट्ट झालं तर हात वर करताच पाठीत ताण येतो आणि जुनं चामडं तो ताण सैल होऊन घेत नाही, फाटून घेतं. लांबीचं मनावर घेऊ नका. हे जॅकेट कमरेच्या पट्ट्यावरच संपतं, तेव्हाच्या पँटी उंच नेसत.